डाव्या वल्ह्याची जागा

१

रोज संध्याकाळी पाच वाजता होडी जागच्या जागी गिरक्या घ्यायची आणि मिस्त्रीबाईंचं डोकं फिरायचं.

होडी टीव्हीवरची. खेळ दोघांचा. एकाने डावं वल्हं मारायचं, दुसऱ्याने उजवं. दोन्ही एका तालात पडली की होडी नदीतून सरळ पुढे जाते, ताल चुकला की भोवऱ्यासारखी फिरते. डावं वल्हं मिस्त्रीबाईंचं, उजवं त्यांच्या धाकट्या बहिणीचं. धाकटी चार तासांच्या रस्त्यावर, दुसऱ्या गावात पलंगावर पडून होती. न्हाणीघरात पाय घसरला, कमरेचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली. हाताला आणि डोक्याला चाळा हवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तिच्या नवऱ्याने खेळायचा कन्सोल आणून दिला. ते कानावर आल्या आल्या मिस्त्रीबाईंनी तस्साच डबा स्वतःसाठी आणला. वय एकसष्ट. दुकानदाराने विचारलं, "नातवासाठी का?" त्या म्हणाल्या, "नाही, तुमच्या आजोबांसाठी. गुंडाळा."

उठून बहिणीकडे जाणं सोपं नव्हतं का? होतं. पण बावीस वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा जेवता जेवता म्हणाला होता, "ताई बोलायला लागल्या की घरात शिलाई मशीन सुरू झाल्यासारखं वाटतं." मिस्त्रीबाईंचा धंदाच शिलाई मशीनच्या दुरुस्तीचा, तेव्हा त्यात अपमान वाटावा असं काही नव्हतं. अपमान दुसराच होता. धाकटी हसली. नवऱ्याकडे बघून, खळखळून, तोंडावर हात ठेवून हसली. मिस्त्रीबाई ताटावरून उठल्या त्या उठल्याच. त्या घराची पायरी चढणार नाही म्हणाल्या, आणि म्हटलेलं करून दाखवायची त्यांना फार वाईट खोड होती.

म्हणून हा पाच वाजताचा तास. कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर, आणि मधे चार तासांचा रस्ता. त्या रस्त्यातच कुठेतरी घोटाळा होत होता. मिस्त्रीबाई बटण दाबायच्या आणि वल्हं पडायचं कधी, तर त्याला सवड मिळेल तेव्हा.

"ताई, तू झोपतेस का गं मधे मधे?" धाकटी म्हणायची.

"मी नाही झोपत, ही तार झोपते."

इंटरनेटवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, "घरात कुणी पुरुषमाणूस आहेत का?"

"आहेत ना. भिंतीवर, फोटोत. त्यांनाही यातलं काही कळत नव्हतं. तू मला सांग."

"मग राउटर बंद करून परत चालू करा."

"ते मी तुला फोन करायच्या आधी चार वेळा केलंय. पुढचं सांग."

पुढचं त्याला येत नव्हतं. मग मिस्त्रीबाई स्वतःच कामाला लागल्या. दुरुस्ती त्या अशाच शिकल्या होत्या, एक मशीन उघडून, ते बिघडवून आणि पुन्हा जोडून. सुई खाली जाऊन वर निघते त्या क्षणी शटलच्या टोकाने दोऱ्याचा फास उचलायचा असतो. केसाएवढा उशीर झाला की टाका सुटला. हा उशीरही त्याच जातीचा, एवढं त्यांना कळलं, आणि एवढं कळलं की बाकीचं नुसतं वाचायचं असतं.

तीन संध्याकाळी त्यांनी राउटरची पानं वाचली. कन्सोलला हवेतून नेट द्यायचं बंद केलं आणि पॅसेजमधून पुढच्या खोलीपर्यंत भिंतीच्या कडेने केबल ओढली, दर हातभर अंतरावर खिळा. खेळाच्या तपासणीत कन्सोल सांगायचा की घरच्या नेटचं दार 'स्ट्रिक्ट' आहे, म्हणजे बाहेरच्याला आत यायला जवळजवळ मनाई. त्यांनी कन्सोलपुरती सगळी दारं उघडली. तपासणीत 'ओपन' आलं. घरातल्या नेटवरच्या सगळ्या वस्तूंच्या आधी त्याचा नंबर लावला. राहता राहिली कन्सोलची कायमची जागा, म्हणजे घरच्या नेटवरचा त्याचा क्रमांक. तो क्रमांक एकदा राखून ठेवला की ती जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. त्यासमोर नावाची चौकट होती. काहीतरी नाव टाका, नाहीतर पान पुढे सरकत नव्हतं.

मिस्त्रीबाईंनी रोमन अक्षरांत लिहिलं, 'तिसरी'.

याला कारण होतं. लहानपणी घरात खिडकीजवळच्या दोन जागा या दोघींच्या, आणि चुलत भावंडं टपलेली. पाणी प्यायला उठलं की जागा गेली. म्हणून अकरा वर्षांच्या ताईने नियम काढला. उठणारीने म्हणायचं, "तिसरी बसली." ही तिसरी बहीण कुणाला दिसत नसे, पण तिच्या मांडीवर बसायची कुणाची छाती नव्हती, कारण ताईचा हात जड होता. आता खेळ अडकून मिस्त्रीबाई बाहेर फेकल्या गेल्या की त्या हेडफोनमध्ये ओरडायच्या, "तिसरी बसली गं!" आणि धाकटी हसायची.

नाव जतन झालं. राउटरवरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला.

२

दुसऱ्या दिवशी होडी सरळ गेली.

अशी सरळ, की मिस्त्रीबाईंना पहिल्यांदाच नदी दिसली. काठावर झाडं होती, एक पूल होता, पुलाखाली पाण्याचा आवाज बदलत होता. पडद्याच्या कोपऱ्यात उशिराचा आकडा येतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. तो आधी दीडशेच्या घरात होता, तो अडतीसवर आला. मिस्त्रीबाईंची छाती दोन इंच फुगली.

"ताई, काय केलंस काय?" धाकटीने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याला सांग, मशीन बोलतं तसं कामही करतं."

"बाई, बाई! अजून धरून बसलीस?"

आठवडा फार सुखाचा गेला. आठव्या दिवशी, खेळ नुकताच सुरू झाला होता, तेव्हा धाकटी सहज बोलून गेली, "सकाळी मजा आली नाही? मला वाटलं, त्या धबधब्यावर आपण मरतोय."

मिस्त्रीबाईंचं बोट बटणावर होतं. "कुठल्या धबधब्यावर?"

"अगं, सकाळच्या."

सकाळी नऊपासून मिस्त्रीबाई खाली दुकानात होत्या. एका बाईचं पिको मशीन उघडून बसल्या होत्या, आणि ती बाई साक्षीदारासारखी शेजारी स्टुलावर बसली होती.

"धाकटे, गोळ्या किती चालू आहेत तुझ्या?"

"चार. का?"

"काही नाही. वल्हं मार."

वेदनेच्या गोळ्यांनी माणसाला सकाळ-संध्याकाळ एक होते, हे मिस्त्रीबाईंना ठाऊक होतं. संध्याकाळचा खेळ सकाळी स्वप्नात पुन्हा खेळली असेल. विषय संपला. फक्त एवढंच, की पंधरा मिनिटांनी नदीला वळण लागलं, त्यापुढे धबधबा होता, आणि धाकटीने आधीच वल्हं आडवं धरलं होतं.

३

राउटर हिशेबी असतो. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, याची यादी ठेवतो. मिस्त्रीबाईंनी ती यादी उघडली ती नुसती खात्री करायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळच्या पाचच्या नोंदीखेरीज आणखी एक होती. तिसरी, दहा वाजून पाच मिनिटांनी आत. बारा चाळीसला बाहेर.

आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही. राखीव जागा दिली त्याच्या दुसऱ्या सकाळपासून, न चुकता.

आता, डबा आपण होऊन जागा होतो, कंपनीकडून काहीबाही उतरवून घेतो आणि परत झोपतो, हे त्यांनी वाचलेलं होतं. अडीच तास? असेल मोठं काहीतरी. रोज? असेल रोज. मिस्त्रीबाईंच्या डोक्यात एक तपासनीस बसलेला होता, तो प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारून पुढे ढकलत होता. पण तपासनिसाच्या मागे खिडकीपाशी आणखी कुणीतरी बसलं होतं, अकरा वर्षांचं, दातओठ खाणारं. त्याला डब्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्याला फक्त धाकटीचा आवाज ऐकू येत होता.

धाकटीचा आवाज बदलला होता. पाच वाजता ती दमलेली असायची. चांगली बातमी असली तरी उष्टी असायची.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"सांगितलं ना सकाळी. सोमवारपासून वॉकर."

"नवीन उशी आली का?"

"अगं, तूच तर म्हणालीस परत पाठव म्हणून."

मिस्त्रीबाई गप्प बसू लागल्या. गप्प बसणं त्यांना येत नसे, म्हणून ते फार मोठ्याने व्हायचं. धाकटी म्हणायची, "संध्याकाळी तुला काय होतं गं? सकाळी किती छान असतेस."

एकदा नदीच्या अगदी शांत तुकड्यावर धाकटी म्हणाली, "तुला सांगितल्यापासून मला हलकं वाटतंय हं, ताई."

"काय सांगितल्यापासून?"

"तेच गं. तू जेवणावरून उठून गेलीस, त्यानंतर मी बॅग भरली होती ते. बसस्टँडवर बसले होते ते. परत परत नको बोलायला लावूस, रडू येतं."

मिस्त्रीबाईंच्या हातातून वल्हं सुटलं. होडी फिरली.

बॅग भरली होती. बावीस वर्षं मिस्त्रीबाई एका गोष्टीची वाट बघत होत्या, ती ही. धाकटी निघाली होती. त्यांच्याकडे यायला निघाली होती, आणि बसस्टँडवर बसून परत गेली होती. किती वेळ बसली? रडली का? कोणती साडी नेसली होती? हे सगळं सांगून झालेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी कानात.

भीती वाटायला हवी होती. वाटली पोटदुखी, अगदी जुनी, ओळखीची. धाकटी चार वर्षांची असताना एकदा ताई पाणी पिऊन परत आली, तर धाकटी रिकाम्या जागेशी कुजबुजत होती. ताईला बघून म्हणाली, "थांब ना, तिसरीचं सांगून होऊ दे. ती ओरडत नाही." ताईने तिच्या थोबाडीत दिली होती.

४

गुरुवारी मिस्त्रीबाईंनी दुकान उघडलं नाही. शटरवर पाटी लावली आणि पुढच्या खोलीत खुर्ची घेऊन बसल्या. खोली लहान. एक टीव्ही, एक टेबल, टेबलावर कन्सोल, कंट्रोलर आणि हेडफोन. खिडकीतून ऊन येऊन टेबलाच्या पायाशी पडलं होतं. रस्त्यावर कुणीतरी कार धूत होतं, बादलीचा आवाज येत होता.

दहा वाजून पाच मिनिटांनी कन्सोलचा दिवा लागला. आतला पंखा फिरायला लागला.

मिस्त्रीबाई म्हणाल्या, "बरं." कुणाला म्हणाल्या कोण जाणे. मग त्यांनी टीव्ही लावला.

नदी. सकाळची नदी संध्याकाळच्या नदीहून रुंद होती, किंवा पडद्यावर ऊन पडल्यामुळे तशी वाटत असेल. होडी मधोमध चालली होती. उजवं वल्हं पडत होतं आणि डावं वल्हंही पडत होतं. कंट्रोलर टेबलावर पालथा पडलेला होता, त्याचा एक दांडाही हलत नव्हता. डावं वल्हं पडत होतं, उचललं जात होतं, पडत होतं, इतकं अचूक की मिस्त्रीबाईंना धंद्याच्या सवयीने आधी कौतुकच वाटलं. एकही टाका सुटत नव्हता. कोपऱ्यातला आकडा शून्य होता.

शून्य असतो का? शेजारच्या खोलीत बसलं तरी एक-दोन होतो. शून्य म्हणजे मधे काहीच नाही. तपासनिसाने शिक्का उचलला आणि तो तसाच हातात धरून बसला.

त्यांनी हेडफोन कानाला लावला.

धाकटी बोलत होती. "...आणि मग तो म्हणतो, ही गादी नको, ती गादी घे." थांबली. हसली. "नाही तर काय!" परत थांबली. आता जरा जास्त वेळ, कुणीतरी लांबलचक सांगतंय आणि आपण मान डोलावतोय असं. "हो गं. मला पण तसंच वाटायचं. पण बोलणार कुणाला?" मधल्या जागा पूर्ण रिकाम्या नव्हत्या. एवढ्या नेटक्या मापाच्या होत्या, की त्यात कुठलं वाक्य बसेल ते मिस्त्रीबाईंना सांगता आलं असतं.

पलीकडचं बोलणं ऐकू का येत नाही? त्याचं उत्तर सोपं होतं. आपल्याच हेडफोनमध्ये आपला आवाज येत नसतो. डब्याच्या मते ती बोलणारी बाई म्हणजे याच घरातली, याच टेबलाशी बसलेली.

आणि धाकटी हसत होती. खळखळून, तोंडावर हात न ठेवता. असं ती मिस्त्रीबाईंपाशी कधी हसलेली नव्हती.

"धाकटे!" मिस्त्रीबाई ओरडल्या. "धाकटे, मी बोलतेय!"

उजवं वल्हं थबकलं.

"अगं ताई, तुझा आवाज घुमतोय," धाकटी म्हणाली. "दोनदा येतोय. एक नीट येतोय, एक मागून, फार उशिरा. खरखरतो."

"तो उशिरा येणारा माझा आहे! ऐकतेस का? तो माझा!"

धाकटी ऐकत होती. पण यांचं नाही. कुणीतरी तिला काहीतरी समजावून सांगत होतं, आणि ती "हं, हं" करत होती.

"हो, कर तसं," शेवटी धाकटी म्हणाली. "मागचा बंद कर. कानाला लागतो."

हेडफोनमध्ये काहीच उरलं नाही. खोलीत मात्र पंखा फिरत होता, आणि पडद्यावर होडी पुलाखालून गेली.

५

त्यानंतर मिस्त्रीबाईंनी जे केलं ते करायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. राखीव जागा काढून टाकली. नाव पुसलं. उघडलेली सगळी दारं बंद केली. राउटरच्या पाठीत पिन खुपसून त्याला कारखान्यातून आला होता तसा कोरा केला. केबल उपटली, खिळ्यांसकट, भिंतीचे पोपडे निघाले. कन्सोल फडक्यात गुंडाळून खाली दुकानात नेला आणि सुट्या भागांच्या कपाटात घालून कुलूप लावलं.

मग बसल्या फोनकडे बघत. आता कळेल तिला, कोण खरी ते. पाच वाजता खेळ नाही म्हटल्यावर करेल फोन. ताई, काय झालं म्हणेल. आपण लगेच उचलायचा नाही.

पहिल्या दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. मिस्त्रीबाईंनी दुकानात दोन गिऱ्हाइकांना हाकललं आणि एका मशीनचं शटल उलटं बसवलं, जे चाळीस वर्षांत झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच लावला, आणि नंबर लागेपर्यंत त्यांना स्वतःचा इतका राग आला की ठेवूनच देणार होत्या.

उचलला धाकटीच्या नवऱ्याने. शाळेची बस चालवतो तो. सकाळी सहाला बाहेर पडतो, संध्याकाळी परत येतो.

"कोण? ताई?" तो गोंधळला. "अहो, तुम्ही आतून, म्हणजे... आत्ता तर बोलत होतात ना तिच्याशी?"

"मी चार दिवस बोललेले नाही."

तो हसला. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात मऊपणा होता. "ताई, मी एकदा काहीतरी बोलून गेलो होतो. ते मागे घेतो. तुमच्यामुळे ती उभी राहिली. काल वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत गेली. दिवसभर हसत असते."

"दिवसभर?"

"मी जिना चढतो तेव्हा दोघींचा आवाज ऐकू येतो. मी किल्ली लावली की तुमचा बंद." तो पुढे म्हणाला, "माझ्यावरचा राग अजून गेला नाही वाटतं."

मिस्त्रीबाई म्हणाल्या, "तो डबा बंद करून टाक. तिच्या खोलीतला. आत्ता."

"कन्सोल? अहो, तो ती आता लावतच नाही. चार दिवस झाले, मी टीव्हीसकट बाहेरच्या खोलीत आणलाय. नुसत्या बोलत बसता की तुम्ही." मग, आवाज खाली आणून, "फोनवर ना?"

मिस्त्रीबाईंनी फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे, त्याच्याही मागे, घरात खोल कुठेतरी दार लोटल्याचा आवाज आला.

"तिला दे," त्या म्हणाल्या.

तो गेला. पावलं ऐकू आली, कुजबूज ऐकू आली. परत आला तेव्हा मऊपणा गेला होता.

"ती म्हणते, नंतर. म्हणते..." तो अडखळला. "म्हणते, ताई इथंच आहे, मग फोनवर कोण?"

६

सकाळी सातच्या बसमध्ये मिस्त्रीबाई खिडकीशी बसल्या. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. एका माणसाने विचारलं, "इथे कुणी आहे का?" तर त्या म्हणाल्या, "नाही. बसा." आणि पिशवी चटकन मांडीवर घेतली.

पायरी चढणार नाही असं म्हटलं होतं. म्हटलं होतं ते मोडायला निघालो, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटत होतं की हे बावीस वर्षांपूर्वी करता आलं असतं. एक बाई बॅग घेऊन बसस्टँडवर बसली होती, आणि तिला न्यायला कुणी आलं नव्हतं.

काय करायचं ते ठरलं होतं. आत जायचं, पलंगावर बसायचं, धाकटीचा हात हातात घ्यायचा. तारेतून काय वाट्टेल ते होईल, पण हात हा हात असतो. मग त्या दुसरीचं बघून घेऊ. असलीच तर. गोळ्या, एकटेपणा, चार महिने एकाच छताकडे बघणं, यांतून माणूस काहीही ऐकतं. तपासनीस पुन्हा कामावर हजर झाला होता. शून्य आकड्याचं काय ते मात्र तो सांगत नव्हता.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिना स्वच्छ होता, कुणाच्या तरी दारात ओल्या छत्र्या ठेवायची रिकामी बादली होती. पहिल्या मजल्यावरच आवाज आला. दोघींचा. शब्द कळत नव्हते. एक आवाज धाकटीचा. दुसरा ऐकून त्यांना आधी कुणाचा तेच कळेना. बाईचा, जाडसर, घरगुती. माणूस स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकतो?

पण तो आवाज मशीनसारखा चालत नव्हता. मधे थांबत होता. ऐकून घेत होता.

मिस्त्रीबाईंनी बेल वाजवली. आतले आवाज थांबले. मग वॉकरची टकटक, एक पाऊल, एक टक, फार सावकाश. दार साखळीपुरतं उघडलं.

धाकटी. केस पांढरे झालेले, गाल आत गेलेले, पण डोळे तेच, चार वर्षांचे. मिस्त्रीबाईंना वाटलं होतं की त्या आधी चार शब्द सुनावतील. तोंडातून निघाले भलतेच.

"धाकटे," त्या म्हणाल्या. "मी आले गं."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. दारात कुणी अनोळखी बाई गप्प उभी असेल तर बघावं तशी, सौजन्याने, भुवया जरा वर करून. मिस्त्रीबाईंनी श्वास आत घेतला, बाहेर सोडला. मग कुठे धाकटीच्या कपाळाला आठी पडली. मान किंचित कलली. हातभर अंतरावर उभी होती ती, आणि तिच्यापर्यंत शब्द आत्ता पोचत होते.

"कोण?" ती म्हणाली. "नीट ऐकू येत नाही."

"अगं, मी! ताई!" मिस्त्रीबाईंनी फटीतून हात घातला आणि तिचं मनगट धरलं. मनगट ऊबदार होतं, खरं होतं, हाडं लागत होती. धाकटीने त्या हाताकडे बघितलं नाही. ती त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होती, वाट बघत, ओठांच्या हालचालीवरून काही लागतंय का ते शोधत. मग तिने मान मागे वळवली आणि घरात हाक मारली.

"ताई, दारात कुणीतरी आलंय गं. ओळखीचं वाटतंय, पण बोलणं लागत नाही."

"आले, आले," आतून उत्तर आलं. हाक पुरी व्हायच्या आधी. आणि धाकटीचा चेहरा उजळला. दिवा लावावा तसा, एकदम.

त्या उजेडाचा मिस्त्रीबाईंना हेवा वाटला, आणि तो भीतीपेक्षा फार मोठा होता. आत खुर्ची मागे सरकली. पॅसेजच्या टोकाला, दाराच्या चौकटीत, पदर घेतलेला एक खांदा आला. तेवढाच. मागून एक हात आला, भिंतीला टेकला. ती बाई घाईत नव्हती. स्वतःच्या घरात कुणी घाई करत नाही.

धाकटीचं मनगट आता दुखायला लागलं असावं. तिने ते हळूच सोडवून घेतलं, "माफ करा हं," म्हणाली, आणि दार लावलं.

"धाकटे!" मिस्त्रीबाईंनी हाक मारली. आयुष्यात कधी मारली नव्हती तशी. हातात बांगड्या असत्या तर पिचल्या असत्या इतक्या जोराने दोन्ही तळवे दारावर आपटले. "धाकटे! अगं धाकटे!"

आत काही नाही. मग वॉकरची टकटक दूर जायला लागली. पाच पावलं. सहा. सात.

टकटक थांबली.

"ओ, ताई!" आतून धाकटीचा आवाज आला. आनंदाने, लहानपणी द्यायची तसा. "हाक मारलीस?"

जराही वेळ गेला नाही.

"हो गं," दुसरी म्हणाली. "मीच."